रांगत येणारं बाळ

गुढीपाडव्यापासून रामनवमीपर्यंत आमच्या गावच्या राममंदिरात नऊ रात्री कीर्तन असे. मी तेव्हा आठ वर्षांचा असेन. आजी मला सोबत नेई आणि मी तिच्या मांडीला टेकून पूर्वरंगात हमखास झोपी जाई. उत्तररंग सुरू व्हायच्या आधी बुक्का लावायला माणसं उठत, त्या गडबडीत जाग येई. एका रात्री असाच जागा झालो, तेव्हा बुवांनी गोरोबाकाकांचं आख्यान लावलं होतं.

बुवांना घाई नव्हती. त्यांनी आधी तेर गाव उभं केलं, मग तेरणा नदी, मग कुंभाराचं अंगण. एका बाजूला आवा, दुसऱ्या बाजूला चाक, मधोमध मातीचं आळं. त्यात पाणी ओतलेलं आणि गोरोबाकाका चिखल तुडवताहेत. बायको घागर उचलून पाण्याला निघाली. जाताना म्हणाली, बाळ अंगणात आहे, तेवढं लक्ष ठेवा. गोरोबा हो म्हणाले, पण त्यांचं लक्ष केव्हाच पंढरीला पोचलं होतं. डोळे मिटलेले, ओठांवर नाम, पाय चाललेले. आणि बाळ रांगायला लागलं.

इथं बुवांनी चिपळ्या खाली ठेवल्या. तबलजीनं हात आवरला. नुसती पेटीची एक पट्टी बारीक वाजत राहिली. बाळ दोन हात पुढं आलं. थांबलं. जमिनीवर मुंगी चालली होती, तिच्याकडे बघून हसलं. पुन्हा निघालं. पायातला वाळा वाजला. बुवांनी तोंडानंच तो वाजवून दाखवला. मग बाळ बापाला हाक मारल्यासारखं काहीतरी बोललं. बाप नामात होता. एवढं झाल्यावर बुवांनी चिपळ्या उचलल्या आणि एक अख्खा अभंग म्हणायला घेतला. बाळ आळ्याच्या काठावर आणि बुवा अभंग आळवताहेत. मला वाटलं, उठून त्यांचा हात धरावा. तेवढ्यात मागच्या रांगेतून एका बाईचा आवाज आला, "अहो, उचला की त्याला कुणीतरी!"

कुणी हसलं नाही. सगळ्यांनाच ते म्हणायचं होतं. त्या देवळात बसलेल्या प्रत्येक माणसाला पुढं काय होणार ते ठाऊक होतं. महिपतीबुवांनी १७६२ साली ‘भक्तविजय’ पुरा केला, त्यात ही कथा आहे, आणि त्याच्याही कितीतरी आधीपासून ती वारीच्या वाटेनं पायी फिरते आहे. ज्या बाईनं हाक दिली तिनं स्वतः ती वीस-पंचवीस वेळा ऐकली असेल. तरी तिच्या जीवाची घालमेल झाली. सगळं माहीत असताना माणसाचा श्वास कसा अडकतो, हा प्रश्न तेव्हा मला मांडता आला नसता. पण तो त्या रात्रीच माझ्या मागं लागला आणि मी कथा लिहायला लागलो तेव्हा समोर येऊन उभा राहिला.

मधल्या वर्षांत मी वाचनालयातून बाबुराव अर्नाळकरांची पुस्तकं आणून वाचली. अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. महाराष्ट्रातल्या किती मुलांना वाचनाची गोडी त्यांच्या झुंजारनं आणि धनंजयनं लावली याची गणती नाही. त्या वाचनातून मी एक धडा घेतला आणि तो अर्धाच घेतला. मला वाटलं, रहस्य म्हणजे लपवणं. लेखकानं मूठ झाकून धरायची आणि शेवटच्या पानावर उघडायची. खरं म्हणजे झुंजार या पुस्तकातून सुटणार आणि पुढच्या पुस्तकात पुन्हा येणार हे मला पहिल्या पानापासून पक्कं ठाऊक असे. तो तळघरात अडकला की माझे तळवे तरी घामेजतच. याकडे मी लक्ष दिलं नाही.

पहिली कथा लिहिली ती याच समजुतीवर. एका वाड्यात एकटी राहणारी म्हातारी आणि तिच्याकडे नव्यानं आलेला तरुण भाडेकरू. तो तिच्या दागिन्यांच्या पेटीसाठी आला आहे हे मी सतरा पानं दाबून ठेवलं आणि अठराव्या पानावर फोडलं. एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी कथा परत पाठवली. सोबत दोन ओळी होत्या. अठराव्या पानावर मी दचकलो, पण आधीच्या सतरा पानांत मला कुणाचीच काळजी वाटली नाही, असं त्यांनी लिहिलं होतं.

काळजी. हा शब्द मला कुठल्याही पुस्तकात सापडला नव्हता. मी उत्सुकतेच्या मागं लागलो होतो आणि ते काळजीबद्दल बोलत होते. दोन-तीन दिवस मी ते पत्र घेऊन बसलो. मग एकच बदल केला. दुसऱ्याच पानावर, म्हातारी देवळात गेली असताना, भाडेकरू तिच्या पेटीच्या किल्लीचा ठसा साबणाच्या वडीवर घेतो, एवढं वाचकाला दाखवलं. बाकी सगळं जवळपास तसंच ठेवलं. पहिल्या खर्ड्यात म्हातारी त्याला संध्याकाळी ताटलीत गरम भाकरी वाढते, असा एक साधा प्रसंग होता. तो आता मलाच वाचवेना. तीच भाकरी, तेच तिचं बोलणं, "रात्री उशीर करू नकोस रे, तू आलास की मला झोप लागते." पहिल्या खर्ड्यात या वाक्यात नुसती माया होती. आता त्या मायेखाली भुयार खणलेलं होतं आणि ते फक्त वाचकाला दिसत होतं.

त्या दिवशी देवळातल्या बाईची हाक मला नव्यानं ऐकू आली. बुवांनी तिच्यापासून काहीही लपवलं नव्हतं. आळं दाखवलं, मिटलेले डोळे दाखवले, रांगतं बाळ दाखवलं. गोरोबांना जे दिसत नव्हतं ते सगळं तिच्या पदरात घातलं आणि तिला अंगणाच्या बाहेर उभं केलं. तिला दिसत होतं, पण आत जाता येत नव्हतं. माहिती आहे आणि हात बांधलेले आहेत, या दोन्हींच्या मध्ये माणूस लोंबकळतो. मराठीनं हे फार पूर्वी ओळखून ठेवलं आहे. आपण म्हणतो, जीव टांगणीला लागला.

आल्फ्रेड हिचकॉकनं हीच गोष्ट टेबलाखालच्या बॉम्बच्या उदाहरणानं समजावली होती. १९६२ साली फ्रान्स्वा त्रुफो या फ्रेंच दिग्दर्शकानं त्याची आठवडाभर मुलाखत घेतली, तिचं पुढं पुस्तक झालं. त्यात तो सांगतो, दोन माणसं टेबलाशी बसून साध्या गप्पा मारताहेत आणि एकाएकी स्फोट झाला, तर प्रेक्षक पंधरा सेकंद हादरतो. पण टेबलाखाली बॉम्ब आहे, तो अमुक वाजता फुटणार आहे आणि भिंतीवर घड्याळ आहे, हे प्रेक्षकाला आधी दाखवलं, तर त्याच निरर्थक गप्पा तो पंधरा मिनिटं जीव मुठीत धरून ऐकतो. म्हणून शक्य तिथं प्रेक्षकाला सांगून टाकावं, असं त्याचं म्हणणं. हे वाचलं तेव्हा मला आमच्या बुवांचा अभिमान वाटला. त्यांनी हिचकॉकचं नावही ऐकलं नसेल, पण त्यांचं आळं आणि त्याचं टेबल एकाच जागी होतं.

ही विद्या त्याहूनही जुनी आहे. महाभारतातल्या शकुंतलेच्या कथेत शापही नाही आणि अंगठीही नाही. तिथं राजाला सगळं आठवत असतं आणि तरी तो भर सभेत तिला नाकारतो. कालिदासानं शाप आणला आणि तो कुठं ठेवला ते पाहण्यासारखं आहे. चौथ्या अंकाच्या सुरुवातीलाच दुर्वास दारात येतात. शकुंतला दुष्यंताच्या विचारात बुडालेली आहे, तिला हाक ऐकू येत नाही. ज्याच्या चिंतनात आहेस तो तुला विसरेल, असा शाप ते देतात. तिची मैत्रीण प्रियंवदा धावत मागं जाते, विनवणी करते आणि ओळखीचा दागिना दाखवला की शाप सरेल एवढा उःशाप घेऊन येते. मग ती आणि दुसरी मैत्रीण ठरवतात की हे शकुंतलेला सांगायचं नाही, तिचं मन फार हळवं आहे. त्या दोघींना माहीत, आपल्याला माहीत, आणि जिच्यावर कोसळणार आहे तिला मात्र पत्ता नाही. त्यानंतर येतो तो सासरी पाठवणीचा प्रसंग. तिला वाढवणाऱ्या कण्वांचा गहिवर, तिचा पदर धरणारं हरणाचं पाडस, झाडांचा निरोप. हा शाप आपल्या कानी पडला नसता तर ती एक सुंदर पाठवणी झाली असती. आता तिच्या प्रत्येक पावलागणिक आपल्याला ओरडावंसं वाटतं, अगं, ती अंगठी सांभाळ.

अण्णासाहेब किर्लोस्करांनी कालिदासाच्या याच नाटकावरून केलेलं ‘संगीत शाकुंतल’ पुण्यात रंगभूमीवर आणलं ते ३१ ऑक्टोबर १८८० रोजी. त्या पहिल्या प्रयोगात चारच अंक झाले. म्हणजे त्या रात्री प्रेक्षक घरी परतले तेव्हा शकुंतला वाटेत होती, अंगठी तिच्या बोटात होती आणि शाप सगळ्यांच्या डोक्यावर होता. मराठी संगीत रंगभूमीची सुरुवात अशा टांगलेल्या जीवानं झाली, हे मला फार अर्थपूर्ण वाटतं.

पण नुसतं सांगून टाकल्यानं काम होत नाही. माझ्या दुसऱ्या-तिसऱ्या कथेत मी ती चूक केली. संकट पहिल्या पानावर मांडलं आणि माणसाला सगळीकडून घेरलं. वाट ठेवलीच नाही. ती कथा वाचणाऱ्या मित्रानं अर्ध्यात पुस्तकाची खूण घालून ठेवावी तशी ती बाजूला ठेवली. बुडणार हे नक्की झालं की वाचक सुतकाच्या मनःस्थितीत जातो, तिथं घालमेल उरत नाही. आपल्या नाट्यशास्त्रानं कथेच्या पाच अवस्था सांगितल्या आहेत. आरंभ, प्रयत्न, प्राप्त्याशा, नियताप्ती, फलागम. त्यातली मधली, प्राप्त्याशा, मला या कलेचा प्राण वाटते. ‘दशरूपक’कार धनंजय तिची ओळख अशी करून देतो की तिथं उपायही दिसतो आणि अपायाची शंकाही असते. आशा आणि धास्ती एकाच श्वासात. नाट्यशास्त्रकार भरतानं सांगितलेल्या तेहतीस व्यभिचारी भावांत शंका, चिंता, त्रास आणि औत्सुक्य असे चार वेगवेगळे भाव आहेत. उत्तम कथाकार या चौघांना एका अंगणात आणतो.

बुवांनी ते केलं होतं. मुंगी ही आशा होती. बाळ तिच्यात रमलं तर तिथंच थांबेल. वाळा ही आशा होती, त्याच्या आवाजानं बापाचे डोळे उघडतील. आणि सगळ्यांत मोठी आशा नदीवर गेलेली आई. बुवा मध्येच तेरणेच्या घाटावर जात, भरलेली घागर तिच्या कमरेवर देत, तिला वाटेला लावत. तिची पावलं आणि बाळाचे गुडघे यांची जणू शर्यत लागे. दर वेळी वाटे, आज पोचेल. वीस वेळा ऐकलेल्या बाईलाही वाटे, आज पोचेल. शेवट माहीत असणं आणि आशा असणं ही माणसाच्या मनात दोन वेगळ्या खोल्यांत राहतात. कथा चांगली सांगितली की मधलं दार बंद होतं.

लांबवण्याचंही असंच आहे. अभंग मध्येच म्हणणाऱ्या बुवांचा मला राग आला होता, पण तो अभंग भरतीचा नव्हता. गोरोबांचे डोळे ज्या नामानं मिटले होते तेच नाम त्या अभंगात होतं. आम्ही तो अभंग ऐकत होतो, त्यात गुंगत होतो आणि गुंगताना आमचीही नजर बाळावरून क्षणभर हटत होती. गोरोबांचं चुकलं कसं हे बुवांनी सांगितलं नाही, ती चूक आमच्याकडून करवून घेतली. कथेतला विलंब असा असावा. वाचकाला थांबवून ठेवायचं, पण त्या थांबण्यात त्याला माणसाच्या आणखी आत न्यायचं. नाहीतर वाचक नुसता ताटकळतो आणि ताटकळलेला माणूस चिडतो.

हे मी पुस्तकातून शिकलो असं म्हणणं खोटं होईल. त्याआधी ते मी आमच्या स्वयंपाकघरात पाहिलं होतं. वडील तालुक्याच्या गावी नोकरीला होते आणि रात्रीच्या मुक्कामी एसटीनं घरी येत. एका श्रावणात तीन दिवस पाऊस लागून राहिला. ओढ्यावरचा फरशी पूल पाण्याखाली गेल्याचं कुणीतरी सांगून गेलं. नऊ वाजले, एसटी आली नाही. साडेनऊ झाले. आई काही बोलली नाही. तिनं आमटी पुन्हा गरम केली. कंदिलाची काच पुसली, ती आधीच पुसलेली होती. वडिलांचं ताट वाढून झाकून ठेवलं, मग उघडून त्यातली चटणी डावीकडची आणखी डावीकडे सरकवली. दहाला तिनं आमटी तिसऱ्यांदा चुलीवर ठेवली. लांबून काही आवाज आला की तिचा हात हवेत थांबे. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहत नव्हतो, मी त्या हाताकडे पाहत होतो. हात पुन्हा हलायला लागला की समजायचं, आवाज एसटीचा नव्हता. अकराच्या सुमारास वडील लांबच्या पुलावरून चालत, चिंब भिजून आले. आई एवढंच म्हणाली, "हातपाय धुवा, वाढते."

पुढं मी भीती, धडधड, घाम, किंकाळी असे शब्द लिहायला जाई तेव्हा तो हवेत थांबलेला हात आठवे. ज्याचा जीव टांगणीला लागला आहे तो आक्रोश करत नाही, तो पुसलेली काच पुन्हा पुसतो. लेखकानं ती काच लिहावी. नारायण धारपांच्या भयकथा इतकी वर्षं टिकल्या, त्यालाही मला हेच कारण दिसतं. त्यांचं भय ओळखीच्या घरात, रोजच्या माणसांत शिरतं. घर आधी आपलं वाटलं नाही तर त्याच्या दारावर पडलेली थाप आपल्याला कशी ऐकू येणार? माणूस आधी आपला व्हावा लागतो. परक्याच्या एसटीची कुणी वाट पाहत नाही.

म्हणूनच या कलेत एक ऋण आहे आणि त्याबद्दल फारसं बोललं जात नाही. हिचकॉकच्या १९३६ सालच्या ‘सॅबोटाज’ या चित्रपटात एक लहान मुलगा लंडनमधून एक पुडकं घेऊन निघतो. त्यात बॉम्ब आहे, पावणेदोनला फुटणार आहे. आपल्याला माहीत आहे, त्याला नाही. रस्त्यात एक फिरता विक्रेता त्याला अडवतो, मग मिरवणूक आडवी येते, मग तो बसमध्ये बसतो आणि शेजारच्या बाईजवळच्या कुत्र्याच्या पिल्लाशी खेळतो. ते पिल्लू पाहताना मला बुवांची मुंगी आठवली. तंत्र तेच, तितकंच अचूक. आणि मग बॉम्ब फुटतो. मुलगा जातो, बस जाते. प्रेक्षकांना हे सहन झालं नाही आणि पुढं हिचकॉकनंही ती आपली मोठी चूक होती असं मान्य केलं. एवढी काळजी करायला लावून ते मूल मारायला नको होतं.

हे वाचून मी बराच वेळ अस्वस्थ होतो, कारण गोरोबांचं बाळही वाचत नाही. आई पोचते तेव्हा आळ्यातला चिखल लाल झालेला असतो. आमच्या बुवांनी ते दोन वाक्यांत सांगितलं, तिथं ते रेंगाळले नाहीत. देवळात कुणी हुंदका दिला, कुणी नाक ओढलं. मग हा प्रसंग गावोगावी पिढ्यान्‌पिढ्या का सांगितला गेला? त्या बुवांवर कुणी का रागावलं नाही?

उत्तर आख्यानाच्या शेवटी होतं आणि मला ते कळायला चाळीस वर्षं लागली. कथा तिथं थांबत नाही. बायकोचा संताप येतो, विठ्ठलाची शपथ येते, त्या शपथेपायी गोरोबा स्वतःचे हात तोडून घेतात, आणि मग आषाढीला सगळे पंढरपुरात जमतात. नामदेवांचं कीर्तन चालू आहे. टाळ्या वाजवायला, नामाच्या गजरात वर करायला गोरोबांना हात नाहीत, ते थोटे खांदेच उचलतात आणि हात फुटतात. त्यांची बायको आपलं मूल मागते. त्या रात्री इथं आमच्या बुवांनी पुन्हा चिपळ्या खाली ठेवल्या. तबलजीनं हात आवरला. पेटीची तीच पट्टी वाजायला लागली. त्या गर्दीतून, माणसांच्या पायांमधून, काहीतरी रांगत येत होतं. दोन हात पुढं आलं. थांबलं. जमिनीवर सांडलेला बुक्का बघून हसलं. पुन्हा निघालं. पायातला वाळा वाजला.

बुवांनी दोन्ही वेळा बाळाला एकाच लयीत रांगत आणलं होतं. पहिल्या वेळी त्याच्या प्रत्येक सरकण्याला आम्ही मनात म्हणत होतो, थांब. दुसऱ्या वेळी म्हणत होतो, ये. आमची जी काळजी त्यांनी पहिल्या अंगणात उसनी घेतली होती ती त्यांनी पंढरपूरच्या वाळवंटात व्याजासह परत केली. माझी आजी पहिल्या वेळी रडली नव्हती, दुसऱ्या वेळी रडली.

प्रत्येक कथेत मूल परत आणता येत नाही. आणूही नये, कारण ते चमत्काराच्या राज्यातलं आहे आणि आपण लिहितो ते बहुधा चमत्कार नसलेलं जग. पण कुणाच्या तरी जीवाची घालमेल आपण मागून घेतली आहे, हे विसरून चालत नाही. माझ्या त्या म्हाताऱ्या बाईच्या कथेचा शेवट मी तीनदा बदलला. शेवटच्या खर्ड्यात भाडेकरू पेटी उघडतो. तिच्यात दागिने आहेत आणि त्यांच्यावर एका फडक्यात बांधून ठेवलेली, त्याच्याच बापानं कधीकाळी लिहिलेली दोन पत्रं आहेत. तो पत्रं वाचतो. पेटी घेऊन जातो की ठेवतो हे मी लिहिलं नाही. सकाळी म्हातारी दोन माणसांचा चहा टाकते, तिथं कथा संपते. ती छापून आली.

आजही एखादा प्रसंग लिहून झाला की मी तो मोठ्यानं वाचतो. वाचताना मनात ते देऊळ भरलेलं असतं आणि माझा कान मागच्या रांगेकडे असतो. तिथून "उचला की" अशी हाक आली नाही तर प्रसंग पुन्हा लिहायला घेतो. आणि हाक आली, तर तिचं देणं कुठल्या पानावर फेडायचं याचा विचार करत रात्र काढतो.